अंतर मोजणारा कायदा

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने शाळेजवळ राहू नये, असं कोणी म्हटलं तर आपण सगळे लगेच मान डोलावू. अमेरिकेत अनेक राज्यांनी आणि शहरांनी तसे कायदे केलेही. आयोवा राज्यात 2002 साली 2000 फुटांची अट आली. मायामी-डेड काउंटीत 2005 साली 2500 फुटांची, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर.

आता नकाशा घ्या आणि प्रत्येक शाळेभोवती एवढं वर्तुळ काढा. दाट वस्तीत उरतं काय? मायामीत उरला ज्युलिया टटल कॉजवे, म्हणजे खाडीवरचा रस्ता. 2007 ते 2010 या काळात कितीतरी माणसं तिथे पुलाखाली तंबू ठोकून राहत होती.

मग मुलं सुरक्षित झाली का? मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने 2007 साली, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या 224 जणांची प्रकरणं तपासली. अशा अटीमुळे टळला असता असा गुन्हा त्यांना एकही दिसला नाही. कारण साधं आहे. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा नात्यातला किंवा ओळखीचाच असतो. कायदा पाहतो, तो झोपतो कुठे. धोका असतो, त्याला कोणाच्या घरात प्रवेश आहे यात.

आयोवातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेनेच 2006 मध्ये या अटीला विरोध केला. 2009 साली ती गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली गेली. पालकांची भीती खरीच आहे. पण ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याला आधी पत्ता तर हवा!