बी.एस्सी.ची खरी परीक्षा अक्राणीत

अक्राणी तालुक्यातल्या धडगावच्या मुलाने बॉटनी-झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं, तर प्रमाणपत्रावर नाव येतं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. १९९० साली पुणे विद्यापीठाचा खानदेशातला भाग वेगळा काढून हे विद्यापीठ झालं. नंदुरबार जिल्हा त्यानंतरचा, १९९८ चा. धडगावात ज. पो. वळवी यांच्या नावाचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय आहे. तरी चांदसैली घाट उतरून तळोदा-शहाद्याला शिकायला जाणारी मुलंही असतातच. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल मात्र सगळ्यांसाठी जळगावचेच.

ही पदवी चांगली की वाईट, हे ठरवायचं कोणी? ‘नॅक’ आहे ना, असं लगेच उत्तर येतं. पण १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक मूल्यांकन करते ते महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं. संलग्न महाविद्यालयाच्या एक हजार गुणांपैकी साडेतीनशे अध्ययन-अध्यापनाला असतात. बाकीचे इमारत, ग्रंथालय, प्रशासन वगैरे सहा निकषांत वाटलेले. अभियांत्रिकीच्या एकेका शाखेची तपासणी एनबीए करते, जीवशास्त्राच्या साध्या बी.एस्सी.ला तसं कोणी नाही. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी ऑफ बायॉलॉजी एकेका पदवीला मान्यता देते. नॅकमुळे कॉलेजांत दप्तर नीट राहू लागलं, हे मान्य करावं लागेल. पण कॉलेजच्या ‘अ’ श्रेणीवरून झूलॉजीच्या मुलाला काय येतं, ते कळत नाही.

अमेरिकेत २०११ साली ‘व्हिजन अँड चेंज’ नावाचा अहवाल निघाला. पदवीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचं वहन, ऊर्जेची रूपांतरं आणि परस्परावलंबी व्यवस्था या पाच कल्पना पक्क्या व्हाव्यात, आणि त्या प्रत्यक्ष काम करून व्हाव्यात, असं तो सांगतो. मोजपट्टी चांगली आहे. ती अक्राणीच्या डोंगरात लावून पाहिली तर?

सिकलसेलपासून सुरुवात करू. जनुकशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे उदाहरण असतं: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. पुण्याच्या विद्यार्थ्याला हा पाच गुणांचा प्रश्न. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत हा आजार प्रत्यक्ष आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने सात कोटी लोकांची तपासणी ठरवली. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करणारे हात लागतात. त्याहून अवघड काम समजावण्याचं. आईवडील दोघे वाहक असतील, तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. हे पावरीत आजीला पटवून देणारा पदवीधर आणि पनेटचा चौकोन बिनचूक काढणारा पदवीधर यांना आजची गुणपत्रिका सारखेच गुण देते. माझ्या मते पदवीची परीक्षा इथेच आहे.

मोहाचंही तसंच. पहाटे झाडाखाली पडतो तो पाकळ्यांचा गरदार भाग; बीजांडकोश फांदीवरच राहतो. म्हणून पडलेली फुलं वेचल्याने फळ बुडत नाही. परागीभवनात वटवाघळांचा मोठा वाटा. पण वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला, तर रोपं जळतात आणि जुन्या मोहाखाली नवा मोह उभा राहत नाही. जाळलेल्या आणि न जाळलेल्या जागेतली रोपं मोजायला दोरी, वही आणि दोन हंगाम पुरेत. २०१४ मध्ये यूजीसीने विच्छेदन बंद केलं तेव्हा झूलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये उरलं काय, अशी कुरकुर झाली. उरलं ते सगळं प्रयोगशाळेच्या बाहेर होतं. वर्षानुवर्षं त्याच आकृत्या उतरवलेली सर्टिफाइड जर्नलं पाहिली, की बाहेर फारसं कोणी गेलं नाही अशी शंका येते.

रानपिंगळ्याची गोष्ट तर पहिल्याच तासाला सांगावी. हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडलं नव्हतं. पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या रिचर्ड माइनर्ट्झहॅगनने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना खोटा निघाला. कातडं भरण्याची पद्धत तपासली, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसनने एकोणिसाव्या शतकात याच खानदेशात गोळा केलेल्या नमुन्यांपैकी चोरलेला ठरला. खोटी नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघालेल्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात पक्षी जिवंत दिसला. पुरावा म्हणजे काय, हे शिकवायला याहून जवळचा धडा कुठला?

भाषेचा अडसर आहेच. घरी पावरी नाहीतर भिली, शाळेत मराठी, बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तक. एक्सटर्नलसमोर मुलगा गप्प बसतो आणि आपण समजतो, याला येत नाही. तोंडी परीक्षा त्याला मराठीत देऊ दिली, तर निम्मी भीड तिथेच मोडेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत, म्हणजे कागदावरची अडचण संपली. तेव्हा पालकांना एवढंच सांगणं: जूनमध्ये प्रवेशासाठी जाल, तेव्हा श्रेणीचा फलक जरूर वाचा, पण शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांचे प्रकल्पही मागून पाहा. त्यांत मुलांनी स्वतः मोजलेलं काहीच नसेल, तर फी भरण्याआधी प्राध्यापकांना कारण विचारा.