तिफण जुनी की नवी?

मुलांनो, आज तुम्हाला एक कोडं घालतो. एका घरी आजोबांच्या वेळची तिफण आहे. तिचे फण दोनदा बदलले, दांडी एकदा बदलली आणि चाडं तर तीनदा नवं केलं. मग सांगा बरं, ही तिफण जुनी की नवी? आईबाबांनाही विचारा. घरात मस्त वाद रंगेल!

या कोड्यातच एक गुपित दडलंय. सगळं अवजार एकदम कधी झिजत नाही. झिजतो तो त्याचा एखादा भाग. तेवढा भाग वेळेवर बदलला, की अवजार पुढं चालू लागतं आणि नव्याचा मोठा खर्च टळतो.

पण 'वेळेवर' म्हणजे कधी? आमच्या परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या खोऱ्यात काळी जमीन आहे. पाऊस पडला की ती पायाला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस ती पेरणीजोगी असते. त्याला म्हणतात वाफसा. नेमकी त्याच दिवशी तिफण मोडली तर? लोहाराकडं रांग लागलेली, वाफसा निघून चाललेला! म्हणून जाणता शेतकरी मृगाच्या आधीच, उन्हाळ्यात, सगळी अवजारं काढून तपासतो.

पेरताना आई किंवा काकू चाड्यात मूठमूठ बी सोडते. ते तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. एखाद्या नळ्यात माती किंवा कोळ्याचं जाळं अडकलं, तर एक ओळ रिकामीच जाते. आणि हे कळतं केव्हा? आठवड्यानं, बाकीच्या ओळी उगवून आल्यावर! एका काडीनं नळा साफ करायला खर्च किती? शून्य रुपये.

आता थोडं विज्ञान. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. म्हणून काम संपलं की वखराची पास माती काढून, पुसून, कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. तेलाचा थर पाण्याला आणि हवेला अडवतो. पास बोथट झाली तर बैलांना जास्त ओढावं लागतं. लोहार ती भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा धार काढून देतो. लाकडाचं दुखणं निराळं. ते उन्हात सुकून आकसतं आणि ठोकलेल्या पाचरी सैल होतात. म्हणून लाकडी अवजार छपराखालीच ठेवावं.

बैलगाडीच्या लाकडी चाकाची लोखंडी धाव कशी बसवत, ठाऊक आहे? धाव तापवली की ती प्रसरण पावते. तशीच ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. ना खिळा, ना डिंक!

लोखंडी नांगराचीही एक गोष्ट आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडानं जमीन विषारी होईल, असं वाटून शेतकरी तो घेईनात! पुढं शेतकऱ्यांची खात्री पटली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. अशा नांगराचा फाळ बोल्टनं बसवलेला असतो. तो झिजला की फक्त फाळ बदलायचा, नांगर तोच. पाहिलंत, आपल्या कोड्याचंच उत्तर!

आता तुमचं काम. एक जुनी वही घ्या आणि तिला नाव द्या 'अवजारांची वही'. प्रत्येक अवजाराला एक पान. कोणता भाग कधी बदलला, बोल्ट किती मापाचा होता, पैसे किती लागले, ते लिहा. माप लिहिलेलं असलं की तालुक्याच्या गावाला दोन खेपा होत नाहीत. एसटीचं भाडं वाचतं ते वेगळंच. सुटे नट-बोल्ट डब्यात जपून ठेवा. दोन वर्षांनी हिशेब केलात, तर कोणतं अवजार अजून परवडतं आणि कोणतं नुसतं पैसे खातं, हे वहीच सांगेल.

पण एक लक्षात ठेवा हं. काटकसर वेगळी आणि जिवाशी खेळ वेगळा. गळका फवारणी पंप चिंधी बांधून वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक माणसं दगावली. पंपाचं वायसर खराब झालं असेल तर नवंच आणावं. मोटारीची उघडी वायर आणि ट्रॅक्टरचा ब्रेक यांतही पैसे वाचवू नयेत, हे पालकांनाही सांगतो. मुलांनी तर पंपाला आणि चालू यंत्राला हातच लावायचा नाही. वही आणि डोळे तुमचे, हात मोठ्यांचे!

येत्या खंडेनवमीला घरची अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडाल. हळदकुंकू वाहण्याआधी प्रत्येक अवजार नीट न्याहाळा. पाचर सैल आहे का? धार गेली आहे का? रब्बीची पेरणी जवळ आलेली असते. जे दिसेल ते वहीत टिपा आणि बाबांना दाखवा. अवजाराची खरी पूजा ती हीच, नाही का?