उपमा, पाव आणि मॅनहॅटन

२०११ साली अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या अंतिम फेरीत फ्लॉइड कार्डोझ यांनी परीक्षकांपुढे उपमा ठेवला. समोर मेरी स्यू मिलिकन यांच्यासारख्या कसलेल्या शेफ होत्या आणि कार्डोझ यांच्या गाठीशी मोठ्या हॉटेलांतलं फ्रेंच पद्धतीचं शिक्षण होतं. मनात आणलं असतं तर परीक्षकांना दिपवणारं काहीही ते करू शकले असते. त्यांनी रवा निवडला. त्यात रानातली अळिंबी, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. अमेरिकन प्रेक्षकांना अंदाज यावा म्हणून पदार्थाच्या नावात ‘पोलेंटा’ हे मक्याच्या इटालियन लापशीचं नाव होतं, पण कोकणी घरातल्या माणसाला ताटलीत काय आहे ते सांगावं लागत नाही: न्याहारीचा उपमा आणि शेजारी सोलकढीचा ऐवज. अळिंबीचा मातकट गोडवा, नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि या दोघांना ताळ्यावर ठेवणारी कोकमाची आंबट धार, अशी ही जुळणी. कार्डोझ स्पर्धा जिंकले आणि बक्षिसाचे १ लाख डॉलर कर्करोग संशोधनाच्या निधीला गेले.

परदेशात नाव काढलेल्या भारतीय शेफची आता रांग आहे. विनीत भाटिया आणि अतुल कोच्चर यांनी २००१ मध्ये लंडनमध्ये मिशलिनचा तारा मिळवला. गगन आनंद आणि मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांनी बँकॉकमध्ये आपापली गादी स्थापन केली. तरीही मला या सगळ्यांत कार्डोझ यांची वाट सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरातलं साधं अन्न जगापुढे ठेवताना त्याच्यावर किती साज चढवायचा, या प्रश्नाशी ते तीस वर्षं झुंजले आणि दर टप्प्यावर त्यांनी साज थोडा कमी केला.

त्यांचा जन्म १९६० चा, मुंबईतला. घराणं मूळचं गोव्याचं, कॅथलिक. त्यामुळे मासळी, नारळ, व्हिनेगर, पाव आणि डुकराचं मांस हे सगळं ताटात लहानपणापासून. शिक्षण जीवरसायनशास्त्राचं झालं. आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी वाचून ते या धंद्याकडे वळले, असं ते सांगत. मुंबईत केटरिंगचं शिक्षण, ताजमध्ये उमेदवारी, मग स्वित्झर्लंडमधलं ले रोश हॉटेल विद्यालय आणि १९८८ च्या सुमारास न्यूयॉर्क.

तेव्हाच्या अमेरिकेत भारतीय जेवण म्हणजे तंदूर, नान आणि लाल-पिवळ्या रश्शांची ठरलेली यादी. त्यात आपली पश्चिम किनारपट्टी कुठेच नव्हती. अशा हॉटेलात खालपासून वर चढत जाण्यापेक्षा कार्डोझ ‘लेस्पिनास’मध्ये शिरले. सेंट रेजिस हॉटेलातलं हे रेस्टॉरंट चालवत होते ग्रे कुंझ. सिंगापूरला जन्मलेल्या, हाँगकाँगमध्ये काम केलेल्या या शेफला आशियाई मसाल्यांचं वावडं नव्हतं, उलट ओढ होती. इथे कार्डोझ खालच्या पायरीपासून कुंझ यांच्या उजव्या हातापर्यंत पोहोचले. सॉस कसा आटवायचा, मासा नेमका कधी उतरवायचा, ही फ्रेंच शिस्त त्यांनी इथे अंगी बाणवली आणि त्याच स्वयंपाकघरात आपले मसालेही आणले.

१९९८ च्या अखेरीस रेस्टॉरंट-व्यावसायिक डॅनी मायर यांनी मॅडिसन चौकाजवळ, ११ मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूच्या भव्य इमारतीत ‘तबला’ उघडलं आणि त्याचं स्वयंपाकघर कार्डोझ यांच्या हाती दिलं. मांडणी दुमजली. वर ठरावीक किमतीचं, शिस्तीचं जेवण. अमेरिकेतला त्या त्या ऋतूतला माल आणि फ्रेंच हात, त्यावर भारतीय मसाला. खाली ‘ब्रेड बार’, तिथे तंदूरमधून निघणाऱ्या रोट्या आणि त्यांच्यासोबत घरगुती वळणाचे पदार्थ. गोव्याच्या मसाल्यातली खेकड्याची टिक्की ‘तबला’ची ओळख ठरली. १९९९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रूथ रायशल यांनी ‘तबला’ला तीन तारे दिले. भारतीय मसाल्यांवर उभ्या असलेल्या रेस्टॉरंटला त्या शहरात असा मान मिळणं तोवर दुर्मीळ होतं.

मसाला म्हणजे तिखट, हा गैरसमज त्यांना खोडायचा होता. धणे, बडीशेप, मोहरी, आमसूल यांचं काम वेगवेगळं आहे. एक सुवास देतं, एक गोडी वर आणतं, एक तोंड साफ करतं. तेलात आधी काय पडतं आणि शेवटी काय भुरभुरलं जातं, यावर पदार्थ ठरतो. आपल्या घरांत हे ज्ञान हाताच्या सवयीत असतं. कार्डोझ यांनी ते व्यावसायिक स्वयंपाकघराच्या भाषेत मांडलं, जेणेकरून भारत न पाहिलेल्या मदतनीसालाही रोज तीच चव काढता यावी. हे काम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, पण मला त्यांचं सर्वांत मोठं कर्तृत्व हेच वाटतं.

‘तबला’ बारा वर्षं चाललं. जागा अवाढव्य, खर्च तसाच, त्यात २००८ ची मंदी. २०१० च्या अखेरीला ते बंद झालं. पुढे मायर यांच्याच ‘नॉर्थ एंड ग्रिल’मध्ये त्यांनी अमेरिकन पद्धतीचं काम केलं, नंतर ‘व्हाइट स्ट्रीट’मध्येही. मन रमावं असं त्यांत मला काही दिसत नाही.

खरा मोहोर आला तो मुंबईत. २०१५ मध्ये समीर सेठ आणि यश भानगे यांच्याबरोबर त्यांनी लोअर परळच्या कमला मिल आवारात ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू केलं. बड्या हॉटेलांत जिथे इटालियन आणि जपानी पदार्थांचा तोरा, तिथे इथे देशी भाज्या, हंगामी माल आणि प्रांतोप्रांतीचे विस्मरणात गेलेले पदार्थ मुख्य यादीत बसले. तरुण मुंबईकर त्यासाठी टेबल आधी राखून ठेवू लागले. २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आलेलं ‘ओ पेद्रो’ तर थेट गोव्याचं.

याच काळात, २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या सोहो भागात त्यांनी स्वतःचं ‘पाववाला’ काढलं. ‘तबला’त मसाले परक्या मालाला रंगत आणत होते. इथे पाव हाच नायक होता. विलिंग्डन क्लबातून मुंबईभर गेलेली एग्ज केजरीवाल, म्हणजे टोस्ट, चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं, तीही तिथे मानाने आली. पुढे त्याचंच ‘बॉम्बे ब्रेड बार’ झालं आणि २०१९ मध्ये ते बंद पडलं. धंद्याच्या हिशेबात हे अपयशच. पण उपम्याला ‘पोलेंटा’ची ओळख लावावी लागणाऱ्या देशात पाव स्वतःच्या नावाने दारावर झळकला, हे मला त्या हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

मार्च २०२० च्या सुरुवातीला ते मुंबईत होते. कँटीनची पाच वर्षं पूर्ण झाली होती आणि भायखळ्यात ‘बॉम्बे स्वीट शॉप’ सुरू होत होतं. अमेरिकेत परतल्यावर ताप आला, कोविडचं निदान झालं आणि २५ मार्चला न्यू जर्सीच्या रुग्णालयात, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते गेले. त्यांचे गुरू ग्रे कुंझ त्याच महिन्याच्या ५ तारखेला वारले होते. कार्डोझ यांच्या पत्नी बरखा यांनी पुढे ‘बर्लॅप अँड बॅरल’ या मसाला कंपनीसोबत फ्लॉइड यांच्या नावाने मसाले बाजारात आणले, त्यांत गोव्याचा मसालाही आहे. आणि मुंबईतली त्यांची स्वयंपाकघरं सेठ, भानगे आणि शेफ हुसेन शहजाद यांच्या हाती पुढे चालू राहिली.