वीज आणि धरणीकंप

आकाशांत वीज कडाडली काय किंवा पायांखालची धरणी हादरली काय, मनुष्याच्या मनांत उठणारी भीति एकाच जातीची असते. शास्त्राच्या दृष्टीनेंही या दोन घटनांत एक साम्य आहे. दोहोंत कांहीं तरी दीर्घकाळ सांचत जातें आणि क्षणार्धांत सुटतें. मात्र सुटणाऱ्या त्या शक्तीस वाट काढून देतां येते कीं नाहीं, या प्रश्नापाशीं दोहोंचे मार्ग वेगळे होतात. आणि जीव कसा राखावा, याचें उत्तरही तेथूनच बदलतें.

प्रथम वीज पाहूं. पौषांतल्या कोरड्या थंडींत प्लॅस्टिकची फणी तेल न लावलेल्या केंसांतून पांच-सात वेळां फिरवावी व कागदाच्या कपट्यांजवळ न्यावी. कपटे उडी मारून तिला चिकटतात. घर्षणानें येथें नवें कांहीं निर्माण होत नाहीं. प्रत्येक पदार्थांत धन व ऋण असे दोन विद्युद्भार मुळांतच समतोल असतात. घांसल्यानें ऋण भाराचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, केंसांतून फणीवर जातात इतकेंच. हाच प्रयोग आषाढांत फसतो, कारण दमट हवेंत वस्तूंवर पाण्याचा सूक्ष्म थर बसतो व भार त्यावरून निसटून जातो. वाट मिळाली कीं भार सांचत नाहीं, हें तत्त्व येथेंच ध्यानांत ठेवावें.

वैशाखांत दुपारीं तापलेली हवा वेगानें वर चढते आणि उंच, काळे मेघ उभे राहतात. त्यांच्या पोटांत हिमाचे हलके स्फटिक मऊ गारांच्या कणांवर आदळतात. या टकरींत भारांची वांटणी होते: स्फटिक धन भार घेऊन माथ्याकडे जातात, जड कण ऋण भारासह खालीं राहतात. मेघाच्या तळचा ऋण भार जमिनीवर धन भार ओढून आणतो. मधली हवा विजेस सहजासहजीं वाट देत नाहीं. परंतु ताण असह्य झाला म्हणजे तोही बांध फुटतो. त्या वाटेवरील हवा सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट. प्रकाश तत्क्षणीं दिसतो, आवाजास मात्र एक किलोमीटर येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. लखलखाट व गडगडाट यांमध्यें तीस सेकंदांहून कमी अवधि असेल, तर पक्क्या घरांत जावें व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

अठराव्या शतकांत अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँक्लिननें इमारतीवर टोंकदार धातूची कांब उभारून ती तारेनें जमिनीशीं जोडण्याची युक्ति सुचविली. ही कांब विजेस अडवीत नाहीं. तिला निर्धोक वाट देते. शेतांतल्या एकट्या झाडावर वीज पडते ती तें भोंवतालीं सर्वांत उंच असतें म्हणून. पायाळू माणसावर वीज पडते, हा समज निराधार आहे. झाडावरून उतरलेली वीज जमिनींत चोहोंकडे पसरते आणि दूर दूर टेकलेल्या पायांमधून अंगांत शिरते. गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब असल्यामुळें झाडाखालीं बांधलेलीं जनावरें अधिक बळी पडतात. उघड्या रानांत सांपडलेल्या माणसानें पाय जुळवून उकिडवें बसावें, तें याच कारणास्तव. शिवाय वीज पूर्वसूचना देऊन येते. मेघ दिसतात, गडगडाट ऐकूं येतो, आणि आतां पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची 'दामिनी' ही सोय मोबाईलवरही इशारा देते.

धरणीकंपांत सांचतो तो विद्युद्भार नव्हे, खडकांतला ताण. हिरवी छडी वांकवीत गेल्यास ती बराच वेळ सोसते आणि एकाएकीं मोडून थरथरते, तसेंच हें. भारताचा भूखंड वर्षास सुमारें ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियावर रेटला जात आहे. हा रेटा मुख्यतः हिमालयांत प्रकटतो, तरी त्याचा ताण दख्खनच्या पोटापर्यंत पोंचतो. किल्लारीस पाडलेल्या विंधणविवरांत काळ्या कातळाची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखालचे खडक अतिप्राचीन आहेत, आणि असल्या खडकांतील जुन्या भेगांपाशीं ताण हजारों वर्षें सांचत राहतो. शेषानें मस्तक हलविल्यानें धरणी कांपते, या कल्पनेपेक्षां ही हकीकत कमी अद्भुत नाहीं. परंतु या ताणास वाट देणारी कांब मनुष्यापाशीं नाहीं, आणि धक्क्याचा दिवस व घटका आधीं सांगणारें शास्त्र जगांत कोठेंही नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन करून लोक गाढ निजले असतां, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर व शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी हीं गांवें व त्यांभोंवतींचा मुलूख हादरला. धक्का सुमारें ६.२ प्रतीचा होता. उगम फार खोल नसल्यानें त्याचा जोर वरच्या गांवांस पुरेपूर बसला. आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. आदल्या वर्षीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत किल्लारी भागांत लहान धक्के जाणवले होते. पण त्या काळच्या भूकंप-नकाशांत हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत होता. २००२ सालीं सुधारलेल्या नकाशांत तो विभागच काढून टाकण्यांत आला.

एवढा संहार कां झाला, याचें उत्तर बरेंचसें घरांत सांपडतें. या कोरड्या मुलखांतलें जुनें घर माळवदाचें. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, लांकडी खांब व तुळया, आणि वर मातीचें जाड छप्पर. उन्हाळ्यांत गारवा देणारें घर म्हणून तें शहाणपणाचेंच होतें. पण गळती राहूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं वर नवी माती घातली जाई, आणि वर्षानुवर्षें छपराचें ओझें वाढत जाई. भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या बाजू निरनिराळ्या रचलेल्या, मध्यें गोट्यांची व मातीची भर. दोन्ही बाजू एकत्र धरणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसतांच बाजू सुटल्या, आणि निजलेल्या माणसांवर दगडमाती आली.

म्हणजे त्या रात्रीं दोन सांचण्या एकदम सुटल्या: एक खडकांतल्या ताणाची, दुसरी छपरावरल्या मातीची. पहिलीपुढें मनुष्याचा इलाज नव्हता. दुसरी त्याच्या हातची होती. छप्पर हलकें ठेवणें, भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड घालणें, कोपरे सांधणें, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घराभोंवतीं सलग पट्टा फिरविणें, हे उपाय खर्चानें अवघड नाहींत, आणि गांवचा गवंडीही ते करूं शकतो.

शहरांतल्या श्रोत्यांनीं हा प्रश्न आपापल्या घरास विचारावा. निजण्याच्या जागेवर माळा असून त्यावर जड पेट्या रचल्या आहेत काय? उंच कपाट भिंतीस पक्कें बांधलें आहे काय? धरणी केव्हां हालेल हें कोणासच ठाऊक नाहीं. पण डोक्यावर काय सांचलें आहे, हें आजच पाहतां येतें.