निरोगी दृष्टी सरकारने द्यावी का?

लोहगडवाडीतल्या या व्याख्यानासाठी मी जरा अवघड विषय घेतला आहे. कामजीवनाकडे निरोगी दृष्टीने पाहायला लोकांना शिकवणं, हे सरकारचं काम आहे का?

पुष्कळ जण म्हणतात, "हा घरातला विषय. सरकारने यात पडू नये." म्हणजे सरकार आज यापासून लांब आहे, असं आपण गृहीत धरतो. ते खरं आहे का?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. वाचक लैंगिक शंका विचारत, कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांना दंड झाला. आता बघा, तो दंड म्हणजेसुद्धा एक शिकवण होती: हा विषय घाणेरडा आहे, याबद्दल विचारू नका. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हाही मुलांपर्यंत हाच निरोप गेला. म्हणजे सरकार दृष्टी देतच असतं, गप्प बसवूनही देतं.

मग सगळं सरकारवर सोपवायचं का? तेही नाही. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. कुटुंबाचं भलं कशात, हे सरकार परस्पर ठरवू लागलं की गोष्ट इथवर जाते.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक, ज्ञान आणि संरक्षण. पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, रोग कसा टाळायचा, संमती म्हणजे काय, हे प्रत्येक मुलामुलीला कळलंच पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांना संरक्षण दिलं. पण आपल्या शरीराच्या अवयवांची नावंच ज्या मुलीला उच्चारू दिली नाहीत, ती तक्रार कोणत्या शब्दांत करणार? हे सगळ्याच घरांना जमत नाही. तिथे शाळा आणि आरोग्य केंद्र, म्हणजे सरकार, हवंच.

दुसरी गोष्ट म्हणजे मूल्यं. लग्न करावं की नाही, मुलं किती, ब्रह्मचर्य बरं की संसार, यावर सरकारने मत देऊ नये. ते माणसाने स्वतः ठरवायचं. मात्र ठरवायचं तर आधी माहिती हवी, आणि ती देणं सरकारला टाळता येणार नाही.