दूध-पोळीवर मांजर पोसलं जात नाही

मांजर पाळणाऱ्यांना ‘ते काय खातं?’ असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. ‘दूध-पोळी. आम्ही सगळे शाकाहारी, त्यामुळे तेही शाकाहारीच झालंय.’ हे सांगताना आवाजात कौतुक असतं, आणि त्या कौतुकाचाच मला राग येतो. त्या मांजराने शाकाहार पत्करलेला नसतो. त्याच्यापुढे दुसरं काही आलेलंच नसतं.

आधी दुधाचं बघू. पिल्लू आईला पितं तोवर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज त्याच्या आतड्यात भरपूर तयार होतं. आईचं दूध सुटलं की ते कमी होत जातं. मग गाई-म्हशीचं दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना बाधतं. पोट गुडगुडतं, शी पातळ होते, शेपटीखालचे केस चिकटलेले राहतात. घरातले म्हणतात, ‘बाहेर काहीतरी खाल्लं असेल.’ काही मांजरांना चमचा-दोन चमचे पचतंही, पण तेवढ्यावर पोषण होत नाही. ‘पण त्याला आवडतं ना!’ आवडतं ते त्यातल्या स्निग्धांशामुळे. गोड चव मांजराला कळतच नाही. ती ओळखायला लागणारा एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेला आहे, हे अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं.

खरा घोटाळा आहे टॉरिनचा. हे अमिनो आम्ल मांसात आणि मासळीत असतं. पोळी, भात, डाळ यांत ते मिळत नाही, गाईच्या दुधात अगदी नावापुरतं. कुत्र्याचं शरीर ते बऱ्यापैकी स्वतः बनवतं. मांजराला ते जवळजवळ जमत नाही, आणि पित्तावाटे मात्र ते सतत खर्च होत राहतं. ज्यांना ही पुस्तकी भीती वाटते त्यांच्यासाठी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. ‘सायन्स’ नियतकालिकात १९७५ मध्ये आलेल्या अभ्यासात मांजरांना प्रथिन म्हणून केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, दिलं होतं. टॉरिन न मिळाल्याने त्यांच्या दृष्टिपटलातल्या पेशी खराब होत गेल्या. पुढे १९८७ मध्ये पॉल पिऑन या अमेरिकी पशुहृदयतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं, की मांजराचं हृदय मोठं होऊन दुबळं पडण्याचा एक आजारही टॉरिन कमी पडल्याने होतो. टॉरिन सुरू केल्यावर ही हृदयं सुधारली. त्यानंतर तयार खाद्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं.

हृदय वेळेवर सावरता येतं, गेलेली नजर परत येत नाही. घरच्यांना ते कळतंही उशिरा, कारण मांजर मिशा, कान आणि सवय यांच्या जोरावर बेमालूम वावरतं. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडातही त्याच्या बाहुल्या मोठ्याच राहतात. एक दिवस कुणीतरी स्टूल जागेवरून हलवतं आणि मांजर सरळ त्याच्या पायावर जाऊन आदळतं.

एवढं सांगितल्यावर हमखास आजी पुढे येते. ‘आमच्या आजीचं मांजर जन्मभर दूध-भात खाऊन जगलं.’ जगलं असेल. पण रात्री ते माळ्यावर आणि गोठ्यात काय करत होतं? उंदराच्या मांसात टॉरिन, हाडांत कॅल्शियम, यकृतात तयार अ जीवनसत्त्व असतं. हे जीवनसत्त्व मांजराला गाजरातून बनवता येत नाही. आजीचा दूध-भात हा वरचा खाऊ होता. जेवण ते स्वतः मिळवत होतं. चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळी लावलेल्या घरात त्याला उंदीर कुठून मिळणार? आपण त्याची शिकार बंद केली, तर शिकारीतून जे मिळत होतं ते पुरवणं आपलंच काम आहे.

नुसतं उकडलेलं चिकनही पुरेसं नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी, त्यामुळे फक्त त्यावर वाढलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. कधीमधी द्यायचं असेल तर मीठ-कांदा न घालता शिजवा आणि ते पाणीही द्या, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. किनाऱ्यावर रोज कच्ची मासळी घालतात. पण काही कच्च्या माशांमधलं थायामिनेज हे विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

घरात मांस शिजवायचं नसेल तर ते समजण्यासारखं आहे. ज्याच्या पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय असं मांजराचं खाद्य आणा. मांजराचंच, कुत्र्याचं नको, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरिन असेलच असं नाही. तेही मनाला पटत नसेल, तर ससा पाळा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. लसणाने गोचीड जात नाहीत. लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात. ‘तापाला अर्धी पॅरासिटामॉल’ मांजराचा जीव घेऊ शकते. नसबंदीआधी एक वेत व्हायलाच हवं याला काही आधार नाही. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस लागते. दार एकदा उघडं राहिलं तरी पुरे.

आणि हे सगळं पटून उत्साहाने दूध-पोळी एकदम बंद करणाऱ्यांसाठी: ‘भूक लागली की खाईल मुकाट्याने’ हा सल्ला मांजराच्या बाबतीत घातक आहे. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागतं, आणि लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. नवं खाद्य जुन्यात मिसळून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. पूर्ण दिवसभर तोंड लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्या, पिल्लू असेल तर त्याच दिवशी.