श्वेतपत्रिका : माहिती की जाहिरात?

यंदाच्या स्मरणिकेच्या छपाईचा निम्मा खर्च उचलण्याची तयारी एका औषध कंपनीने दाखविली, तेव्हा आम्हा कार्यकारिणीच्या सभासदांना हायसे वाटले. अट एकच होती. कंपनीने मधुमेहावर तयार केलेली ‘श्वेतपत्रिका’ स्मरणिकेसोबत घरोघरी पोहोचवावी. ती वाचून अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे आले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

श्वेतपत्रिका हा शब्द मूळचा सरकारी. ब्रिटिश संसदेपुढे येणारे जाडजूड अहवाल निळ्या वेष्टनात असत, आटोपशीर निवेदने पांढऱ्या. आम्हा बडोदेकरांचाही त्या शब्दाशी संबंध आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानांच्या विलीनीकरणाची हकीकत भारत सरकारने १९५० साली श्वेतपत्रिकेच्या रूपानेच प्रसिद्ध केली. पुढे व्यापारी जगताने हे नाव उचलले ते त्यातील भारदस्तपणासाठी. जाहिरात म्हटली की वाचक सावध होतो. श्वेतपत्रिका म्हटली की तो सैलावतो.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. सिगारेटच्या डांबराचा लेप उंदरांच्या त्वचेवर दिल्यास कर्करोग होतो, हे १९५३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि सिगारेट कंपन्यांचे धाबे दणाणले. त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला पाचारण केले, ‘संशोधन समिती’ स्थापन केली आणि १४ एप्रिल १९५४ रोजी त्या समितीच्या नावाने एक पुस्तिका काढली. सिगारेटच्या वादाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा तिचा दावा होता. ती १,७६,८०० डॉक्टरांना पाठविण्यात आली. तिच्यात कोणत्याही सिगारेटची भलामण नव्हती. धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी शंका घेणाऱ्या डॉक्टरांची व शास्त्रज्ञांची मते तेवढी एकत्र केलेली होती. माणसे खरी, पदव्याही खऱ्या. विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र तोलून मांडलेला नव्हता. डॉक्टरच्या मनात किंतु निर्माण झाला, की तो रुग्णाला ‘सोडा’ असे ठामपणे सांगणार नाही, एवढेच पुरेसे होते.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये डॉल आणि हिल यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सुमारे चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःच्या धूम्रपानाची माहिती कळविली होती. धूम्रपानाच्या प्रमाणात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढताना दिसत होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल येण्यास मात्र १९६४ उजाडले. कंपन्यांचे आतील कागद तर १९९० च्या दशकातील खटल्यांमुळे बाहेर आले.

दुसऱ्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुळगुळीत पुस्तिकेवर विसंबून मी एक महागडी नवी गोळी लिहू लागलो. एक निवृत्त शिक्षक नम्रपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पूर्वीच्या गोळ्यांचे पैसे महिनाभर पुरत, आता आठवड्यात संपतात. साखर तेवढीच आहे.” त्या रात्री मी पुस्तिका पुन्हा काढली. आलेख देखणे होते. पण तुलना औषधविरहित गोळीशी केलेली होती, जुन्या स्वस्त औषधाशी नव्हे! तळटीप वाचण्याचे कष्ट मी घेतले नव्हते आणि त्याची किंमत त्यांच्या पेन्शनने मोजली.

म्हणून हाती आलेली पत्रिका मी प्रथम शेवटच्या पानापासून वाचली. खर्च कोणी केला, हे बारीक अक्षरांत होते. नव्या औषधाची तुलना जुन्याशी कोठेही नव्हती. ‘जोखीम निम्म्याने घटते’ असे ठळक छापले होते; पण शंभरात दोघांऐवजी एकाला त्रास झाला तरी ती ‘निम्म्याने’च घटते, आणि मूळ आकडा दिलेला नव्हता. आहार व पायांची निगा यांवरील चार पाने मात्र उत्तम होती. ती मी माझ्या रुग्णांना आनंदाने देईन.

माझा अभिप्राय कार्यकारिणीने मान्य केला. पत्रिका अवश्य वाटू, परंतु मुखपृष्ठावर ‘जाहिरात’ असे ठळक छापावे आणि आलेखांखाली मूळ आकडे द्यावेत, असे आम्ही कंपनीला कळविले. उत्तर आले नाही. यंदा स्मरणिकेची पाने कमी आहेत आणि रंगीत छायाचित्रे नाहीत, त्याचे कारण हे.